आजारपणात घरच्यांनी मिळून व्हिडिओ गेम खेळणे: अनुभव आणि सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ:

नमस्कार. या मंचावर मी बरीच वर्षे केवळ वाचनमात्र आहे. आज प्रथमच धागा काढत आहे, तेव्हा काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला गेल्या श्रावणात रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार एकूण अडीच वर्षांच्या आसपास चालतील, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले असून त्यांतील सुरुवातीचे सात-आठ महिने मुंबईतच काढावे लागणार आहेत. मी त्याच्यासोबत परळला एका धर्मशाळेच्या खोलीत राहते. यजमान मिरजेला आहेत, कारण दुकानाचे शटर खाली ओढले तर खर्च भागणार नाही, आणि दहावीत असलेली मुलगी व सासूबाई त्यांच्याजवळ आहेत. एकच घर दोन गावांत विभागले गेले आहे आणि मध्ये रात्रभराचा रेल्वेप्रवास आहे.

पहिले दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करत असू, आणि तो दर वेळी त्याच चार प्रश्नांवर संपत असे: ताप आला का, काउंट (रक्तातील पेशींची संख्या) किती आले, जेवलास का, उलटी झाली का. चौथ्या प्रश्नानंतर दोन्हीकडे शांतता पसरायची. मुलगा फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि त्याची ताई पुढे पुढे कॉलच्या वेळी नेमकी क्लासचे निमित्त काढू लागली.

मग एका रविवारी तिनेच मोबाइलवरील लुडोत चौघांसाठी खोली उघडली आणि तिचा संकेतांक आम्हा सगळ्यांना पाठवला. आजीला खेळात घेण्यासाठी चष्मा, स्टुलावर उभा केलेला फोन आणि अर्ध्या तासाचे प्रशिक्षण एवढी तयारी करावी लागली. त्या डावात मुलाने बाबांची सोंगटी अगदी घराच्या तोंडाशी मारली आणि तो मोठ्याने हसला. ते हसणे मी किती आठवड्यांनी ऐकत होते, हे मला सांगता येणार नाही. ताप आला का, हे विचारायला त्या दिवशी यजमान विसरले आणि मीही आठवण करून दिली नाही.

तेव्हापासून आम्ही जवळजवळ रोज खेळतो. मात्र दोन गोष्टींनी मन अस्वस्थ आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात त्या दिवसांत तो फार चिडचिडा होतो, म्हणून यजमान मुद्दाम हरू लागले. मागच्या आठवड्यात हवा तोच आकडा पडूनही बाबांनी आपली सोंगटी मारली नाही, हे त्याच्या लक्षात आले. “मी आजारी आहे म्हणून सोडलंत ना?” असे म्हणून त्याने फोन गादीवर आपटला आणि दोन दिवस तो खेळलाच नाही. दुसरे असे की, भेटायला आलेल्या एका जवळच्या नातेवाइकांनी आमचा डाव पाहिला आणि “पोर एवढं आजारी आणि तुम्हाला खेळ सुचतात” असे शब्द माझ्यापुढे टाकून ते निघून गेले.

आपण दुःखापासून पळतो आहोत का, मुलाला जिंकू द्यावे की नाही, आणि लुडोचा कंटाळा आला तर पुढे काय, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे. त्याच्या डाव्या हाताला बहुतेक वेळा सलाईनची नळी असते आणि एका औषधामुळे बोटांना मुंग्या येतात. त्यामुळे भराभर बटणे दाबायचे खेळ त्याला जमत नाहीत.

लाइन नंबर तीन:

ताई, नातेवाइकांचे बोलणे मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरचे संकट निराळे होते, परंतु खेळाने काय होते आणि काय होत नाही, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील चाकण भागातील एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर पर्यवेक्षक होते. २०२० च्या जुलैमध्ये त्यांची नोकरी गेली. वय चौपन्न. ते रागावले असते, रडले असते, तर आम्हाला काही करता तरी आले असते. ते नुसते पंख्याकडे पाहत पडून राहायचे आणि जेवायला हाक मारली की ‘भूक नाही’ म्हणायचे. भावाने मित्राकडून एक जुना कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र) आणला होता आणि त्यावर ‘ओव्हरकुक्ड’ नावाचा खेळ होता. २०१६ साली आलेला हा खेळ दोघा जणांच्या छोट्याशा ब्रिटिश कंपनीने बनवला आहे. त्यात दोन ते चार खेळाडू एकाच स्वयंपाकघरात उभे असतात: भाजी चिरायची, शिजवायची, वाढायची, ताटल्या धुवायच्या, आणि हे सगळे घड्याळाशी शर्यत लावून. काही ठिकाणी पायाखालची जमीनही सरकते.

दुसरा कंट्रोलर आम्ही वडिलांच्या हातात जवळजवळ बळेच दिला. “यात शत्रू कोण?” असे त्यांनी विचारले. “कुणी नाही, वेळ पुरत नाही एवढंच,” असे भाऊ म्हणाला. पहिले तीन दिवस आम्ही तिघे एकमेकांना धडकत होतो आणि भात करपत होता. चौथ्या दिवशी वडिलांनी खेळ थांबवायला लावला, दिनदर्शिकेचे जुने पान उलटे करून त्यावर त्या स्वयंपाकघराचा आराखडा काढला आणि म्हणाले, “एकाने फक्त चिरायचं. दुसऱ्याने शेगडी सोडायची नाही. ताटल्या माझ्याकडे. माणूस हलवायचा नाही, माल हलवायचा.” ही त्यांची कारखान्यातली भाषा होती आणि चार महिन्यांत ती आम्ही प्रथमच ऐकत होतो. त्या रात्री आम्हाला तीन तारे मिळाले. आई मागून म्हणाली, “तिथे ताटल्या धुताय, मोरीतल्या कधी धुणार?” आणि आश्चर्य म्हणजे ते उठले व त्यांनी मोरीतल्याही धुतल्या.

नोकरी त्या खेळाने मिळवून दिली नाही. ती आठ महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीतून मिळाली, आणि पगार पूर्वीपेक्षा कमीच होता. मधल्या काळात एवढेच झाले की, ज्या माणसाचे सांगणे ऐकणारे कुणी उरले नव्हते, त्याचे सांगणे रोज तासभर आम्ही ऐकत होतो, आणि तेही दया म्हणून नव्हे, त्याच्यावाचून आमचे खरोखरच अडत होते म्हणून. आणखी एक गोष्ट मागाहून ध्यानात आली. घराच्या हप्त्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले ते दोन डावांच्या मधल्या वेळेत, पडद्याकडे पाहत. समोरासमोर बसवून विचारले असते तर ते बोलले नसते.

मुद्दाम हरण्याच्या प्रश्नावर माझे उत्तर असे की, सगळे एकाच बाजूने असतील असा खेळ निवडा, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. फक्त ओव्हरकुक्ड आपल्या मुलाला देऊ नका. त्यात बोटांची फार घाई असते.

निरगाठ:

मी नाशिकला लहान मुलांसाठी समुपदेशन करते आणि दीर्घ आजार असलेल्या मुलांची कुटुंबे माझ्याकडे येत असतात. आपल्या मुलाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण आहे, असे समजावे.

मुलाने फोन आपटला, ही मला वाईट खूण वाटत नाही. गेले काही महिने त्याच्या बाबतीत सगळे निर्णय इतर लोक घेत आहेत. सुई कधी टोचायची, काय खायचे, बाहेर कधी जायचे, यांपैकी त्याच्या हातात काहीच नाही. त्या पटावर तेवढे त्याला इतरांसारखेच नियम होते आणि तिथेही तो रुग्णच आहे, हे त्याला कळले. बाबांचा हेतू प्रेमाचाच होता, पण त्याच्या दृष्टीने त्याची शेवटची जागा गेली. सवलत द्यायचीच असेल तर ती उघडपणे, त्याच्याशी ठरवून द्यावी, उदाहरणार्थ बाबांनी चारही सोंगट्या घरी न्यायच्या आणि त्याने तीनच. आणि त्याने सवलत नाकारली तर ती मुकाट्याने मागे घ्यावी. स्टेरॉइडच्या दिवसांत स्पर्धेचे खेळ सरळ बाजूला ठेवावेत. त्या दिवसांतील राग औषधाचाही असतो, आणि हे त्याला स्वतःलाही सांगितलेले बरे, कारण मुलांना वाटत असते की आपणच वाईट वागू लागलो आहोत.

आता संशोधनाबद्दल थोडेसे, कारण अशा धाग्यांवर लवकरच कुणीतरी ‘व्हिडिओ गेमने कर्करोग बरा होतो’ असे लिहून मोकळे होते. ‘री-मिशन’ नावाचा खेळ खास कर्करोग झालेल्या तरुण रुग्णांसाठी २००६ मध्ये काढण्यात आला. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ३४ केंद्रांत १३ ते २९ वर्षे वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो खेळ खेळलेल्या रुग्णांनी औषधे अधिक नेमाने घेतली आणि त्यांना आजाराची माहितीही अधिक झाली. मात्र ताण किंवा जीवनमान याबाबत रुग्णांनी स्वतः दिलेल्या उत्तरांत फरक आढळला नाही. तेव्हा खेळाने मनावरचा ताण उतरतोच, असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय तो एकट्याने खेळायचा खेळ होता, आणि आपला प्रश्न एकत्र खेळण्याचा आहे.

त्या दृष्टीने अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील सेरा कॉइन आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास अधिक जवळचा आहे. ११ ते १६ वर्षांची २८७ मुले त्यात होती. आईवडिलांसोबत व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलींचे वागणे आणि मनःस्थिती तुलनेने चांगली आढळली, आणि खेळ वयाला साजेसा असेल तर आईवडिलांशी जवळीकही अधिक दिसली. मुलग्यांच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही. शिवाय एकत्र खेळल्यामुळे जवळीक आली, की मुळातच जवळीक असलेली कुटुंबे एकत्र खेळत होती, हे असल्या पाहणीतून ठरत नाही.

तरीही मला आपल्या लिहिण्यातील एका वाक्यापाशी थांबावेसे वाटते: लुडोची खोली आपल्या मुलीने उघडली. आजारी मुलाच्या भावंडाकडे घराचे लक्ष सर्वांत कमी जाते. ती क्लासचे निमित्त काढत होती, ते भावाविषयी प्रेम नव्हते म्हणून नव्हे. त्या चार प्रश्नांत तिला जागाच नव्हती. तिने स्वतःची जागा स्वतः तयार केली. तिचे दहावीचे वर्ष आहे म्हणून खेळ बंद करण्याची सूचना लवकरच कुणीतरी करील. वेळ ठरवून द्यावी, पण खेळ बंद करू नये.

जाता जाता एक सूचना. काउंट कमी असताना त्याचा फोन वॉर्डातील इतर मुलांच्या हातांत फिरू देऊ नये आणि पडदा पुसत राहावे. हे आपण करत असालच.

घाटावरचे आजोबा:

कुणाच्या आनंदावर विरजण घालावे, हा हेतू नाही, परंतु दुसरी बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे.

२०२१ च्या मे महिन्यात माझी पत्नी गेली. त्या दिवसांत अंत्यदर्शनही धड झाले नाही. त्यानंतर माझा मुलगा आणि नातू रोज रात्री फोनवर खेळत बसू लागले. दोघे हसायचे, ओरडायचे, आणि मला बरे वाटायचे की घरात आवाज आहे. पण कुणाचे डोळे भरून आले की नातू लगेच “चला, एक डाव टाकू” म्हणायचा आणि मुलगा तत्परतेने फोन काढायचा. असे वर्ष गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी नऊ वर्षांच्या त्या पोराने भर पंगतीत विचारले, “आजीचं नाव कुणीच का घेत नाही?” त्यावर आम्हा दोघा मोठ्यांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

दुसरे नुकसान पैशाचे झाले. फुकटच्या खेळांमध्ये जाहिराती येतात आणि त्यांच्या वाटेने माझा मुलगा पैशाच्या रमीपर्यंत गेला. आकडा लिहीत नाही, लाज वाटते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. आमच्या घराला तो उशिराच लाभला.

खेळणे म्हणजे दुःखाचा अपमान, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या लहानपणी कुणी गेले की दहा दिवस घर पाहुण्यांनी भरलेले असे, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून माडीवर पत्त्यांचा डाव पडत असे. परंतु खाली माजघरात बायका रडत असत, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढत असत, आणि जिन्यावरून येणारा-जाणारा दोन्हीकडे बसून जात असे. आमच्या घरात या वेळी नुसती माडी होती, माजघर नव्हते. आपल्याकडे ते आहे ना, एवढेच पाहावे.

तिरकी चाल:

आजोबांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी मेलबर्नला असते. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी तीन आठवडे रत्नागिरीला होते, नंतर परतणे भाग होते. त्यांचे बोलणे अडखळू लागले होते आणि त्यामुळे फोनवर ते संकोचून गप्प राहत. आम्ही लिचेस या संकेतस्थळावर पत्रव्यवहाराच्या पद्धतीने बुद्धिबळ सुरू केले. ते पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि एका चालीसाठी कित्येक दिवसांची मुदत ठेवता येते. याला व्हिडिओ गेम म्हणावे का, यावर येथे वाद होईल. तो खुशाल व्हावा.

मी उठेपर्यंत तिकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि त्यांची चाल येऊन पडलेली असते. चाल आली म्हणजे काल ते उठून टेबलापाशी बसले होते, एवढे मला कळते. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वजीर माझ्या घोड्याच्या तोंडी दिला. ही चूक आजाराची, की काही डाव आहे, की नेहमीचा धांदरटपणा, हे ठरवण्यात माझा संपूर्ण दिवस गेला. शेवटी मी वजीर घेतला आणि मला रडू आले. दुसऱ्या दिवशी भावाने कळवले की, बाबा सकाळपासून अडखळत अडखळत का होईना, पण मला शिव्या देत आहेत, आणि फिजिओथेरपिस्टलाही त्यांनी ती हकीकत ऐकवली आहे. तेव्हा ताई, आपल्या यजमानांना सांगा, सोंगटी मारावी.

ठोकळेबाज:

थोडक्यात तांत्रिक माहिती देतो. मुलाच्या बोटांचा विचार करता माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी घरे-गावे बांधण्याचा खेळ पाहावा. त्यातील ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात राक्षस आपल्याला मारू शकत नाहीत, काही संपत नाही आणि घाई नसते, नुसते बांधायचे असते. मोबाइलवर ते एकदा विकत घ्यावे लागते. दूरच्या दोन ठिकाणांहून एकत्र खेळण्यासाठी प्रत्येकाचे मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि लहान मुलाच्या खात्याला दुसऱ्यांसोबत खेळण्याची परवानगी पालकाच्या खात्यातून द्यावी लागते. ही पायरी बहुतेक लोक विसरतात आणि मग खेळ चालत नाही म्हणून बसतात. आणखी एक: तुम्ही बांधलेले जग ज्याच्या यंत्रावर आहे, त्याने ते उघडल्याखेरीज इतरांना आत जाता येत नाही. कायम उघडे हवे असेल तर मासिक वर्गणी आहे, पण तुम्हाला तिची गरज नाही. रोजची वेळ ठरवा.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर देऊ शकले नाही, कारण मध्ये ताप येऊन आम्ही नऊ दिवस वॉर्डात भरती होतो.

यजमानांनी मुलाची रीतसर माफी मागितली आणि त्यानंतरच्या पहिल्याच डावात त्याच्या दोन सोंगट्या मारल्या. तो संतापला, आणि ‘आता बघाच’ म्हणाला. तीन सोंगट्यांची सवलत त्याने आजीला देऊ केली. स्वतःसाठी घेतली नाही.

माइनक्राफ्टची खाती उघडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पालकांच्या परवानगीचे सांगितले नसते तर आम्हीही अडकून बसलो असतो. ते जग माझ्या मुलीच्या संगणकावर आहे आणि तिने वेळ रात्री साडेआठ ते सव्वानऊ अशी ठरवली आहे. दोघे मिळून मिरजेचे आमचे घर आणि दुकान बांधत आहेत. त्याचा हात दुखत असेल तेव्हा तो नुसते सांगतो आणि ती ठोकळे ठेवते. परवा त्याला दुकानाच्या शटरची रुंदी हवी होती, म्हणून यजमान टेप घेऊन गेले आणि फोनवरून त्यांनी नऊ फूट दोन इंच असे माप कळवले. एक ठोकळा म्हणजे एक फूट, असा त्यांचा हिशेब आहे. “दोन इंच सोडून द्या,” असा त्याने निकाल दिला.

आजोबा, आपण माजघराबद्दल लिहिले, त्याचा विचार माझ्या मनात सतत आहे. काल रात्री भिंत बांधता बांधता त्याने बाबांना विचारले की, शेजारच्या खाटेवरचा मुलगा पुन्हा का आला नाही. मी खोलीतच होते, पण प्रश्न मला नव्हता. यजमानांनी त्याला खरे ते सांगितले. बराच वेळ कुणीही ठोकळा ठेवला नाही आणि कुणी खेळ बंदही केला नाही. मग त्याने विचारले की, आपल्या जिन्याला पायऱ्या किती आहेत, आणि माझी मुलगी मोजायला बाहेर गेली.